दोनदाच आमदार

आमदार निवासातून फोन आला तेव्हा पोलीस निरीक्षक मिनल देवतळे मोर्चाच्या बंदोबस्ताला निघाल्या होत्या. आमदार रुपराव ढोबळे खोलीत मरून पडले आहेत, एवढंच पलीकडचा माणूस धड सांगू शकला.

त्या अधिवेशनात रुपरावांचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. कुणालाही दोनपेक्षा जास्त वेळा आमदार होता येऊ नये, तशी शिफारस केंद्राकडे करावी, असा अशासकीय ठराव ते त्याच दुपारी सभागृहात मांडणार होते. स्वतः तीनदा निवडून आलेला माणूस हे म्हणतो, म्हणून वर्तमानपत्रांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं. जुने आमदार मात्र भडकले होते.

रुपराव पलंगावर कुशीवर पडलेले होते. सदरा घामाने भिजून वाळलेला, उशी जमिनीवर. टेबलावर इन्सुलिनची दोन पेनं होती. दिसायला सारखीच, फक्त एकाला लाल दोरा बांधलेला.

अंगाची लक्षणं पाहून डॉक्टर म्हणाले, साखर एकदम उतरलेली दिसते. पण खात्री अहवालानंतरच. तेवढ्यात मिनलच्या वरिष्ठांचा फोन आला. अधिवेशन सुरू आहे, हृदयविकार दिसतोय, उगाच ताणू नका. मिनल ‘हो सर’ म्हणाल्या आणि दोन्ही पेनं पिशवीत घातली.

पहिला जबाब निवासातल्या शिपायाचा. आदल्या संध्याकाळी रुपराव समोरच्या खोलीत, आमदार चंपतराव बोंद्रे यांच्याकडे गेले होते. दार बंद होतं, पण दोघांचा आरडाओरडा पार जिन्यापर्यंत ऐकू येत होता. सकाळी दार उघडेना, तेव्हा रुपरावांचा स्वीय सहायक सुमंत याच्या सांगण्यावरून शिपायाने दुसऱ्या किल्लीने कुलूप काढलं. सुमंतने त्याला डॉक्टरकडे पिटाळलं. तो डॉक्टरांना घेऊन आला, तेव्हा आवाजाने चंपतरावही दारात येऊन थांबले होते.

सुमंत रडून रडून थकला होता. रुपरावांच्या पहिल्या निवडणुकीपासून तो त्यांच्यासोबत होता.

“रात्री कसे होते ते?”

“भाऊ खुश होते मॅडम. भाषण पाठ करून राहिले होते. चंपतरावांशी वाजलं तेवढं सोडलं तर...”

“आणखी कोण आलं होतं?”

“केयूर सर. संध्याकाळी बसून गेले.”

केयूर हा विंध्यश्री एनर्जी या कोळसा कंपनीच्या प्रतिष्ठानाचा सल्लागार. ऑफिस मिहानच्या उद्योगनगरीत, बोलणं मऊ. पंचनामा उरकल्यावर तो फुलं घेऊन आला. प्रतिष्ठान तरुण नेतृत्व घडवतं, रुपरावांना ठरावासाठी थोडी आकडेवारी दिली होती, असं त्याने सांगितलं. आदल्या संध्याकाळी तो याच खोलीत बसला होता, सुमंत चहापाणी बघत होता आणि रुपराव खुशीत भाषण पाठ करत होते. मिनलनी लिहून घेतलं. सुमंतचे आणि त्याचे शब्द जवळजवळ सारखेच होते.

चंपतराव सहावेळचे आमदार. त्यांनी पहिला प्रश्न परत विचारायला लावला, दुसराही. तिसऱ्याला मिनल ओरडूनच बोलल्या.

“तुमचं भांडण कशावरून झालं?”

“भांडण? कोण म्हणते? मले कमी आयकू येते, म्हणून रुपरावले जोरात बोला लागे. तो हासून राहिला होता. म्हणे, उद्या ठराव मांडतो अन् उभ्या सभागृहाले सांगतो, का हा ठराव मी नाही, त्या कंपनीनं लिहिला. त्या केयूरलेही तोंडावर सांगून टाकलं म्हणे.”

“कंपनीला काय पडलंय, कोण किती वेळा आमदार होतो त्याचं?”

चंपतरावांनी खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाले, “जुन्या आमदाराले जमिनीचे कायदे पाठ झाले राहतात, बाई. तो आडवे प्रश्न विचारते. नवा आला का त्याले प्रश्न लिहून द्यायले कोणी तरी पाहिजे. दर दोन खेपांनी आम्ही घरी जाऊ. कंपनी थोडीच जाते?”

आमचा रुपराव काही संत नव्हता, हेही त्यांनी सांगितलं. मागच्या निवडणुकीत कंपनीच्याच गाड्या त्याच्यासाठी फिरल्या होत्या. आता खाणीत त्याच्याच गावांची जमीन जाणार म्हटल्यावर त्याला जाग आली. शिवाय चौथ्यांदा उभं राहायचं त्याने पक्कं केलं होतं.

दुपारी रुपरावांच्या पत्नी यमुताई गावाहून आल्या. मिनलनी खोली मोकळी करवली, त्यांना पाणी दिलं आणि पेनं समोर ठेवली.

“ह्या दोऱ्याचं काय, काकू?”

“त्याईले दिसत नोतं नीट. साखरेनं डोळे गेले. दोऱ्याचं जेवणाआधीचं, ते लवकर लागू पडते, थोडंच घ्याचं. बिनदोऱ्याचं झोपताना, ते जास्त. टिकटिक मोजून घेत.” त्यांनी पेन हातात घेतलं, अंगठ्याने दोरा चाचपला. “हा दोरा माह्या हातचा नाही.”

“कशावरून?”

“मी गाठ मारली का टोकाले पेटती काडी लावते. नायलॉनचा आहे, नाही तं सुटते. ह्याची टोकं तशीच आहे. अन् हे पेन निघताना नवं भरून देल्लं होतं. इतकं कसं सरलं?”

मिनलना आणखी काही विचारायचं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी त्याच खोलीत सगळ्यांना बोलावलं. सुमंत दाराशी, केयूर खुर्चीत, चंपतराव पलंगाच्या कडेला, यमुताई खिडकीपाशी.

“रुपरावांना इन्सुलिननेच मारलं, आणि ते त्यांनी स्वतःच्या हाताने घेतलं,” मिनल म्हणाल्या. “काल संध्याकाळी कुणीतरी लाल दोरा कापला आणि तसाच दुसरा झोपतानाच्या पेनाला बांधला. रुपरावांनी सवयीने बिनदोऱ्याचं पेन उचललं, रात्रीइतक्या टिकटिक मोजल्या आणि लवकर लागू पडणारं औषध भरमसाट टोचून घेतलं. म्हणून ते पेन इतकं सरलं. झोपेतच साखर उतरली. सकाळी दोरा पुन्हा मूळ पेनाला बांधला गेला, पण ती गाठ काकूंची नव्हती.”

मिनलनी दोन्ही पेनं टेबलावर ठेवली.

“म्हणजे ज्याने हे केलं तो दोन वेळा पेनांपाशी होता, एकदा काल आणि एकदा आज, आम्ही यायच्या आधी. चंपतराव काल या खोलीत आलेच नाहीत, रुपराव त्यांच्याकडे गेले होते. केयूर काल इथे होते, पण आज पंचनाम्यानंतर आले. दोन्ही वेळा एकच माणूस होता. आज तर तो एकटाच होता, कारण शिपायाला त्यानेच बाहेर पाठवलं. दोऱ्याचा अर्थही घरच्याच माणसाला ठाऊक.”

सुमंत मान खाली घालून उभा होता.

“भाषण पाठ करत होते असं तुम्ही दोघांनी सांगितलं. खरं तर रुपरावांनी काल केयूरना तोंडावर सांगितलं होतं की तुमचं नाव उद्या सभागृहात घेणार. एकाने अब्रू वाचवायला खोटं सांगितलं, दुसऱ्याने जीव वाचवायला. काहून केलं, सुमंत?”

यमुताई त्याच्याकडे वळल्या. त्या दृष्टीपुढे तो टिकला नाही.

“सतरंज्या मी उचलल्या काकू. बूथ मी सांभाळले. दर खेपेला भाऊ म्हणत, पुढची वेळ तुही. ठराव आला तेव्हा वाटलं, आता तरी हटतीन. केयूर सरांनी शब्द देल्ला होता, का तिकीट मलेच. अन् काल भाऊ म्हणाले, मी परत उभा राहतो.” त्याने केयूरकडे पाहिलं. “सर जाताना गाडीपाशी म्हणाले, उद्या भाऊंना बोलता आलं नाही तर बरं होईल, तुमच्यासाठीही.”

केयूर शांतपणे म्हणाला, “मी त्यांच्या तब्येतीबद्दल बोललो होतो. त्यांनी आराम करावा, इतकंच.”

त्याला अटक करता येईल असं त्या वाक्यात काही नव्हतं. मिनलनी ते वरिष्ठांपुढे ठेवलं, सरकारी वकिलांपुढे ठेवलं. दोघांनीही नकारार्थी मान हलवली. सुमंतला गाडीत बसवलं, तेव्हा केयूर फोनवर बोलत आपल्या गाडीकडे चालला होता.

अधिवेशन संपायच्या आत रुपरावांना श्रद्धांजली म्हणून ठराव एकमताने मंजूर झाला. फक्त एक दुरुस्ती झाली: आधीच्या वेळा धरायच्या नाहीत, मोजणी पुढच्या निवडणुकीपासून. चंपतरावांनीही हात वर केला. रुपराव त्या दिवशी काय बोलणार होते, हे सभागृहात कुणीच काढलं नाही.

आरोपपत्र तयार झाल्यावर मिनल यमुताईंच्या घरी गेल्या. अंगणात मांडव घातला जात होता. विंध्यश्रीच्या गाड्या उभ्या होत्या. पोटनिवडणुकीसाठी यमुताईंचं नाव ठरलं होतं. पोस्टरवर रुपरावांच्या फोटोखाली त्यांचा फोटो आणि त्याखाली दोन शब्द: नवा चेहरा.

“काकू, केयूरने गाडीपाशी काय म्हटलं होतं, ते सुमंतच्या तोंडून तुम्ही ऐकलंत ना?”

“आयकलं.” यमुताईंनी पदर सावरला. “त्याईनं सभागृहात नाव घेतो म्हटलं, तं एक रात्र नाही निघाली. मी नाही म्हटलं तं हे कंपनीवाले कोणाले तरी उभं करतीनच. गावच्या जमिनीचं मले तरी माहीत आहे.”

“भाषण कोण लिहिणार तुमचं?”

आतून केयूर बाहेर आला, मिनलना वाकून नमस्कार केला आणि यमुताईंच्या हातात टाइप केलेले कागद दिले. त्यांनी चष्मा लावला आणि ओठ हलवत वाचायला सुरुवात केली.