चिंधी गुंडाळलेलं कडं

नवलचं डोकं दगडानं ठेचलं होतं. उजवा पंजा मनगटापासून तोडून बांधावर फेकला होता आणि हातातलं कडं गायब होतं. रक्ताळलेला कोयता सोबतच्या मजुराचा, वनाचा निघाला. पोलिसांनी त्याला धरलं.

"नाना, फाशी देतीन हो त्याले!" वनाची बायको भागाबाई मगननानांच्या ओट्यावर कोसळली.

नाना निवृत्त फौजदार. आता लोकांच्या नडीला खासगी तपास करत. सोबत मोतीलाल कंपाउंडर. दोघं बैलगाडीनं नवलच्या गावी, असोद्याला निघाले. मोटार तेव्हा तिकडे कुठली!

अभिमन पाटलाच्या शेतात विहीर खणताना मजूर नवलला मडकं सापडलं होतं. आत सात कडी. एक त्यानं हातात घातलं, सहा रुपचंद सोनाराकडे ठेवली.

"सोनं?" नानांनी विचारलं.

"कासं! तांब्यात कथील मिसळलेलं," रुपचंद हसला. "नाणी नव्हती तेव्हाचा पैसा हा. नवल ठेवायला आला तेव्हा सातही तोलली मी. गुंजेचा फरक नाही."

कोठडीत वना रडत होता. "कोयता खोपीत पडेल राहे, कोनीबी उचले. नवलनं कडं चिंचेनं घासून पिवळंधमक केलं. त्याची टोकं टोचत व्हती, म्हनून मीच चिंधी गुंडायली."

वाड्यावर गाठलं तसा अभिमन गुरगुरला, "माझ्या शेतातलं सोनं! मागितलं तर हात पाठीमागं लपवला भामट्यानं."

दुसऱ्या दिवशी चावडीत नानांनी रुपचंदकडचं एक कडं मोतीलालच्या मनगटात घालून वर चिंधी गुंडाळली.

"नाना, माझ्यावर कसले प्रयोग?"

"गप बस रे."

तिघांना एकेक करून आत बोलावलं. "हे काढा."

वनानं काढलं. रुपचंदनंही काढलं. अभिमन मात्र ओढतच राहिला. मोतीलालची साल निघाली, तो कळवळला.

"नाही निघायचं हे!" अभिमन घामाघूम झाला. "तोडल्याशिवाय नाही!"



नानांनी चिंधी सोडली. कड्याला बोटभर फट होती. मोतीलालचं मनगट आडवं करताच ते अलगद सुटलं.

"रुपचंदनं सातही तोलली, म्हणजे नवलच्या हातातलंही काढलं होतं. वनानं तर टोकांवर चिंधी बांधली. फट दोघांनाही ठाऊक. पंजा तोडला तो कडं अखंड समजणाऱ्यानं, सोनं समजणाऱ्यानं. कड्याची माहिती असलेला तिसरा माणूस तूच, पाटला."

ठाण्याच्या फौजदारानं झडती घेऊन अभिमनच्या कडब्यातून नवलचं कडं काढलं. रक्त वाळून कडक झालेली चिंधी अजून तशीच होती.

चिंधी सोडताच दिसलेल्या फटीकडे अभिमन बघत राहिला.

"सोनं... नाही?"

मोतीलालनं आपलं सोललेलं मनगट घट्ट धरलं.