अंगठाभर जागा

तलावाच्या पाण्याचा नमुना घ्यायचा म्हणजे काय, बाटली बुडवली की झालं, असं ज्याला वाटत असेल त्याने आत्यासमोर तोंड न उघडलेलं बरं. बाटली निर्जंतुक हवी, झाकणाला आतून बोट लागता कामा नये. हात कोपरापर्यंत बुडवायचा. आणि काठोकाठ भरायची नाही, वर अंगठाभर जागा सोडायची, तपासणीआधी बाटली हलवावी लागते म्हणून. प्रयोगशाळेतल्या नवख्यांना हे सांगून सांगून तिचा घसा बसला होता.

पोहण्याच्या या तलावाची तर तिला जास्तच काळजी. भावाची मुलगी इथे शिकायला येणार होती. पोरगी दिवसभर इतकी बडबडायची की घरात तिला टकळीच म्हणत. पण पाणी दिसलं की तिची बोबडी वळायची. "आत्या, तू पाणी तपासून चांगलंय म्हणालीस तरच मी उतरणार," असं तिने बजावलं होतं. या लेकरावर आत्याचा भारी जीव.

त्या सकाळी खोल टोकाला वाकताना बाटली निसटली. पाठोपाठ झाकणही.

"मेलं!"

तळाच्या निळ्या फरशा स्वच्छ दिसत होत्या. बाटली कुठेच दिसेना. आत्या बाही वर सारत होती, तेवढ्यात बाटली पाण्यातून वर आली. सरळ, उभी. काठोकाठ भरलेली, झाकण नुसतं वर टेकवलेलं.

भरलेली काचेची बाटली तरंगत नाही, एवढं तिला कळत होतं. पण जित्याची खोड! तोंडातून निघालं ते असं: "अगं, काठोकाठ नाही भरायची! अंगठाभर जागा सोड, हलवायला. आणि झाकण गच्च लाव."

"कुणाशी बोलताय?" पंपवाल्याने त्याच्या खोलीतून विचारलं.

"पाण्याशी. तुमच्यापेक्षा बरं ऐकतं."

तो नमुना तिने अर्थातच ओतून दिला. पण पुढच्या खेपेला, स्वतःलाच हसत, तिने बाटली मुद्दाम सोडली. आली की वर! अंगठाभर जागा सोडलेली, झाकण इतकं गच्च की उघडताना दोन्ही हात लागले. तपासलं तर पाणी निर्मळ, नावालासुद्धा जंतू नाही.

अंगावर काटा आला खरा. पण मग वाकून वाकून दुखणारी कंबर दुखेनाशी झाली, आणि माणसाला सुखाची सवय लागायला कितीसा वेळ लागतो? एकदा सांगितलं की ऐकणारं तिला आयुष्यात पहिल्यांदाच कुणी भेटलं होतं. "शहाणी गं माझी," म्हणत ती पाण्यावर थोपटायची. पाणी जरासं उचलून तिच्या तळव्याला टेकायचं.

टकळीचा पहिला दिवस उजाडला. काठावर उभी राहून पोरगी म्हणाली, "आत्या, नक्की चांगलंय ना?"

"एक नंबर! मी स्वतः बघितलंय. आणि खाली माझी मैत्रीण आहे, ती सांभाळेल तुला."

उतरायचं होतं उथळ बाजूला. पण आत्याचा शब्द मिळाला आणि पोरीला चेव चढला. कुणी अडवायच्या आत ती धावत खोल टोकाला गेली आणि नाक धरून उडी मारली.

तळाच्या फरशा स्वच्छ दिसत होत्या.

पोरगी दिसेना.

"अगं, दे तिला वर!" आत्या किंचाळली.

टकळी वर आली. सरळ, उभी.

ठसका नाही, खोकला नाही. डोळे आनंदाने चमकत होते. आत्याच्या जिवात जीव आला. तिने पोरीला काठावर घेतलं, टॉवेलात गुंडाळलं, पटापट मुके घेतले.

"भ्यालीस?"

टकळीने मान हलवली. नाही.

"मजा आली?"

जोरजोरात होकार.

"मग बोल की गं टकळे, आज काय झालं तुझ्या तोंडाला?"

पोरगी हसली. ओठ गच्च मिटलेलेच.

असू दे. भीती गेली, हेच खूप झालं. आनंदाच्या भरात आत्याने तिला नेहमीसारखं उचललं. आज ती जड लागली. तरी आत्याने तिला एक गिरकी दिलीच.

पोरीच्या आत पाणी डुचमळलं. अंगठाभर जागा सोडलेली बाटली हलवावी, तसं.