माळ्यावरची भांडी

"वहिनी, आमचा स्वयंपाक आम्ही वेगळा करावा म्हणतोय," शेखर म्हणाला, तेही तिनंच थापलेल्या भाकरीचा तुकडा तिनंच केलेल्या आमटीत बुडवता बुडवता, आणि योगिनीच्या हातातला डाव पातेल्यावर जागच्या जागी थांबला... ज्याला आपल्या तोंडचा घास काढून वाढवलं, त्या दिरानं तिच्याच पंगतीत बसून तिलाच हे सांगावं!

तिनं आधी त्याच्या ताटात आमटी वाढली, मग शेजारी मान खाली घालून बसलेल्या त्याच्या बायकोच्या, सृष्टीच्या ताटात, आणि मग आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. योगेश पंचवटीच्या मार्केटात पहाटेपासून कोथिंबिरीच्या जुड्यांचे लिलाव पुकारायचा. त्याचा आवाज म्हणे गोदावरीच्या पलीकडं ऐकू जातो. घरात मात्र असा प्रसंग आला की हा माणूस मुका. आत्ताही तो ताटातल्या मिरचीकडे इतक्या एकाग्रतेनं बघत होता की जणू तिचाच लिलाव लावायचा आहे. योगिनीला त्याची कीव आली, आणि कीव ओसरल्यावर जे उरतं ते तिच्या ओठांच्या कोपऱ्यात येऊन बसलं.

शेखरचं म्हणणं साधं होतं. फ्लॅट तोच, दार तेच, फक्त चूल वेगळी. एकाच पत्त्यावर दुसरं गॅस कनेक्शन मिळायची कटकट, म्हणून मागच्या ड्राय बाल्कनीत एक फळी ठोकायची आणि तिच्यावर इंडक्शनची शेगडी ठेवायची. एवढं सांगून तो थांबला असता तरी चाललं असतं. पण तो पुढं म्हणाला, "शेगडी तूच निवडून दे, वहिनी. तुला त्यातलं कळतं."

घराचे दोन तुकडे करायचे, आणि त्यासाठीची सुरीही आपणच पारखून आणायची... वा रे वा!

"आणू की," योगिनी म्हणाली. "उद्याच जाऊ."

ती या घरात सून म्हणून आली तेव्हा बिऱ्हाड मखमलाबादच्या मळ्यात होतं आणि शेखर चड्डीतलं पोर होता. वर्ष उलटायच्या आत सासूबाई, नवसाबाई, गेल्या, आणि आई गेलेलं ते पोर योगिनीच्या पदराला येऊन चिकटलं ते चिकटलंच. तिला मूल होईना, तेव्हा मनमाडहून तिची आई चांगल्या डॉक्टरचं नाव काढून आली होती. पण त्या वर्षी शेखरची दहावी होती. मग बारावी आली, मग कॉलेज, आणि तोवर दवाखान्यात जायचं वयच निघून गेलं. योगिनीनं याची खंत कधी कुणाला बोलून दाखवली नाही. मनाच्या तळाशी तिनं तो त्याग देव्हाऱ्यातल्या टाकासारखा पुसूनपासून ठेवला होता, आणि रोज त्याच्याकडे बघून ती स्वतःला नमस्कार करत असे.

आणि त्या शेखरनं निवडली कोण, तर ही सृष्टी! चांदवडकडची, कांदे पिकवणाऱ्या घरची मुलगी, आणि कांदा चिरला की एक फोड बोटाएवढी, दुसरी नखाएवढी. पिठल्यात गुठळ्या. आमटीत पाणी एकीकडे, डाळ दुसरीकडे. तरीही योगिनी तिला कधी एका शब्दानं लागेल असं बोलली नव्हती, आणि याचा तिला केवढा अभिमान! सृष्टीनं केलेली भाजी ती मुकाट्यानं परत गॅसवर चढवायची, वरून लसणाची फोडणी द्यायची, तिखटमीठ सारखं करायची आणि मगच पानात वाढायची. भांडण नाही, तंटा नाही. आणि एवढ्या सोसण्याचं हे फळ.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शालिमारच्या दुकानात टाय लावलेला एक विक्रेता त्यांच्यापुढे काळ्या काचेच्या पाट्या मांडत होता. एकीला नुसता बोटाचा स्पर्श पुरे, दुसरीला बटणं, तिसरीत निळे दिवे. बटणांवर चित्रं काढली होती, दूध, इडली, चपाती, पुलाव. चित्रावर बोट ठेवलं की आच आपोआप ठरते, असं तो कौतुकानं सांगत होता. योगिनीला वाटलं, ज्यांना स्वयंपाक येत नाही त्यांच्यासाठीच हे यंत्र निघालंय, म्हणजे बाईसाहेबांना अगदी मापाचं आहे.

"यावर भाकरी होते का?" तिनं विचारलं.

"तव्यावर होते ना मॅडम. फक्त शेवटी फुगवायला जाळ नाही."

"म्हणजे होत नाही," योगिनी म्हणाली आणि सृष्टीकडे न बघता तिला ऐकवून झालं.

निळ्या दिव्यांची शेगडी सृष्टीला आवडली होती, ते तिच्या डोळ्यांतच दिसत होतं. योगिनीनं ती बाजूला सारली. ओले हात लागले की या काचा ऐकत नाहीत, बटणाचीच बरी, असं तिनं सुनावलं, दोन-तीन शेगड्या उलट्या करून पाहिल्या, तारेची जाडी पाहिली, दुरुस्ती कुठं होते ते विचारलं, आणि सगळ्यांत चांगली होती तीच निवडली. मनात कितीही कडू असलं तरी वाईट वस्तू विकत घेणं तिला जमलंच नसतं.

बिल होता होता विक्रेत्यानं एक गोष्ट सांगितली. भांडं बुडाला सपाट हवं आणि त्याला लोहचुंबक चिकटलं पाहिजे, नाहीतर शेगडी नुसती पी-पी करत राहते, तापत नाही.

"माझी भांडी चालतील, ताई," सृष्टी हळूच म्हणाली.

"तुझी कुठली भांडी?"

सृष्टीनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ती बिलाकडे वळली. शेखर मोबाइलमध्ये डोकं घालून उभा होता. योगिनीनं मनातल्या मनात नाक मुरडलं. हिची भांडी म्हणे! रंगीत प्लॅस्टिकचे चार डबे आणि कॉफीचा एक मग, हाच हिचा संसार. तिनं विक्रेत्याकडून भांडी तपासायचं छोटं चुंबक मागून घेतलं आणि पर्समध्ये टाकलं.

रविवारी दुपारी योगेश आत घोरत होता, आणि शेखर-सृष्टी बाल्कनीत जाड पिनचा प्लग बसवायचा म्हणून इलेक्ट्रिशियनला गाठायला बाहेर गेले होते. योगिनीनं चुंबक काढलं आणि स्वयंपाकघरात एकटीच भांडी तपासायला लागली. ॲल्युमिनियमच्या कुकरवरून ते घसरलं. पितळी पातेल्यावरून घसरलं. तिच्या लग्नातल्या जाड स्टीलच्या टोपांना लावून पाहिलं, तिचं नाव कोरलेल्या डब्याला लावून पाहिलं, कुठं धरायचं नावच नाही! प्रत्येक भांड्यागणिक तिच्या छातीत एक थंडगार समाधान पसरत गेलं. लोखंडी तव्याला तेवढं ते चिकटलं. पण नुसत्या तव्यावर काही संसार होत नाही. आता बसू दे या पोरीला काचेच्या पाटीपुढं हात जोडून. दोन दिवसांत येईल, ताई, तुमच्या गॅसवर जरा कुकर लावू का... आणि आपण काय म्हणायचं, तेही योगिनीनं ठरवून टाकलं. काही म्हणायचं नाही. नुसतं सरकून जागा द्यायची.

विजय पुरा व्हावा म्हणून ती स्टुलावर चढली आणि माळ्यावर हात घातला. तिथं दिवाळीच्या पणत्या होत्या, जुना मिक्सर होता, आणि त्यांच्या मागं सुतळीनं बांधलेली दोन खोकी होती. ती कुणाची ते तिला पटकन आठवेना. सुतळीची गाठ मात्र तिच्याच हातची होती.

तिनं एक खोकं पुढं ओढलं, गाठ सोडली आणि वरचा कागद बाजूला केला. आत एकात एक बसवलेली पातेली होती, कोरी करकरीत, प्रत्येक दोहोंच्या मध्ये वर्तमानपत्राची घडी, जाड सपाट बूड, आणि काठावर सुईनं टोचल्यासारखी बारीक अक्षरं, सृष्टी. दुधाचं पातेलं, सृष्टी. कढई, सृष्टी. छोटा कुकर, झाकणावर सृष्टी. रुखवतातली भांडी! लग्नाच्या मांडवात या पोरीच्या आईनं ती टेबलावर मांडली होती, आणि प्रत्येक भांडं पदरानं पुसून पुसून दाखवताना ती बाई म्हणाली होती, "पोरगी फ्लॅटात नांदायची हाय ताई, म्हनून गॅसवर अन् लाइटवर, दोन्हीकडं चालत्याल आशी घेतली." त्यावर आपण हसलो होतो, हेही योगिनीला आठवलं. आणि लग्नानंतरच्या आठवड्यात, आपल्याकडे भांडी काही कमी नाहीत, जागा झाली की काढू, असं म्हणून तिनंच सगळं बांधून वर टाकलं होतं.

तिनं चुंबक पातेल्याच्या बुडाशी नेलं. टक्... ते हातातून ओढल्यासारखं जाऊन बसलं. कढईला लावलं, टक्. कुकरला, टक्. घरातल्या ज्या भांड्यांवर तिचं नाव होतं त्यांतलं एकही चाललं नव्हतं, आणि हिचं एकही अडलं नाही! स्टुलावर उभ्या उभ्याच योगिनीनं पातेलं पुन्हा हातात घेतलं. तिला नवसाबाई आठवल्या. मळ्यातल्या घरी पहिल्याच सकाळी त्यांनी आपलं पातेलं चुलीवरून उतरवून ठेवलं होतं, नव्या सुनेच्या माहेरचं पातेलं वर चढवलं होतं, आणि डाव तिच्या हातात देऊन त्या बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या होत्या. भात करपला होता. नवसाबाई तो करपलेला भात शांतपणे खाऊन उठल्या होत्या.

"ताई, पडाल. खाली या."

दारात सृष्टी उभी होती. शेखर इलेक्ट्रिशियनची वाट बघत खालीच थांबला होता. तिनं पुढं होऊन स्टूल धरलं, आणि मग तिची नजर योगिनीच्या हातातल्या पातेल्यावर गेली. ते पातेलं तिनं इतक्या दिवसांनी पाहिलं की तिचा चेहराच विरघळला.

"मागायचं होतंस," योगिनी म्हणाली. आवाज कठोर काढायचा होता, पण तो फाटला. "नुसतं म्हणायचं, ताई, माझी भांडी काढा."

"कुणाला म्हणू?" सृष्टीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी ती शांतच बोलत होती. "चार वर्षांत मी केलेली एक तरी भाजी तुम्ही तशीच वाढलीत का, ताई? तुम्ही रागावत नाही, बोलत नाही. फक्त परत फोडणी देता. रोज सगळ्यांच्या समोर. माझी आई एकदा जेवायला आली होती, तेव्हाही दिलीत. तिनं घरी गेल्यावर विचारलं, पोरी, तुला तिथं कुणी काही शिकवत नाही का..." तिनं मनगटानं डोळे पुसले. "मला वेगळं नाही राहायचं. मला फक्त एक शेगडी हवी होती, जिच्यावरचं कुणी उतरवणार नाही."

इतकी वर्षं ज्या तिरस्कारानं योगिनी जगाकडे बघत आली, नवऱ्याच्या मुकेपणाकडे, दिराच्या कृतघ्नपणाकडे, या पोरीच्या वेड्यावाकड्या कांद्याकडे, तो तिरस्कार आता फिरून तिच्याकडेच आला. आपण एका शब्दानं दुखवलं नाही... हो, शब्दानं नाही! देव्हाऱ्यातल्या टाकासारखा पुसलेला तो त्याग तिला एकाएकी इतका कळकट दिसला, की त्याला पुन्हा नमस्कार करायचीही तिला शिसारी आली.

ती खाली उतरली. मांडणीवरचे आपल्या नावाचे टोप तिनं एकेक करून काढले आणि सृष्टीच्या हातात दिले. "वर ठेव," ती म्हणाली, आणि खोक्यातली भांडी धुवायला सिंकमध्ये घेतली. सृष्टी टोप छातीशी धरून तशीच उभी राहिली. मग तिनं अर्धेच टोप वर ठेवले, अर्धे परत मांडणीवर लावले आणि उरलेल्या जागेकडे बोट दाखवून म्हणाली, "एवढी पुरे मला, ताई."

इलेक्ट्रिशियन आला तेव्हा योगिनीनं त्याला बाल्कनीत जाऊच दिलं नाही. प्लग ओट्याशेजारी, गॅसच्या बाजूलाच बसवायचा, असं तिनं बजावलं. शेखर गोंधळून एकदा वहिनीच्या सुजलेल्या डोळ्यांकडे आणि एकदा बायकोच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघत राहिला. योगेश जागा होऊन आला, त्यानं सगळा प्रकार पाहिला आणि जन्मात पहिल्यांदा घरात तोंड उघडलं. तो म्हणाला, "चहा मिळंल का?" योगिनीनं त्याच्याकडे पाहिलं. काही माणसांचा तिरस्कार सोडायला जरा वेळ लागणार होता.

संध्याकाळी सृष्टीनं आपल्या कढईत पिठलं केलं आणि भात लावला. योगिनी स्वयंपाकघरात फिरकली नाही. बाहेर पाटावर, दोघा पुरुषांच्या शेजारी, आयत्या ताटावर बसली, लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच, आणि हात कुठं ठेवावेत ते तिला कळेना. सृष्टीनं वाढलं. पिठल्यात गुठळ्या होत्या. योगिनीनं पहिला घास घेतला, आणि सृष्टी डाव हातात घेऊन तिच्या तोंडाकडे बघत राहिली, शेखरही बघत राहिला. दोघांनाही ठाऊक होतं, आता वहिनी उठणार, कढई उचलणार.

"मीठ कमी आहे," योगिनी म्हणाली.

सृष्टीचा चेहरा पडला. योगिनीनं हात लांब करून मिठाची वाटी ओढली, चिमूटभर मीठ आपल्याच पानात घेतलं, ते पिठल्यात कालवलं आणि जेवायला लागली. दुसऱ्या घासाला तिचे डोळे भरून आले. ते कुणाला दिसू नयेत म्हणून तिनं मान खाली घालूनच पान संपवलं आणि रिकामं ताट पुढं केलं.

"वाढ," ती म्हणाली. "तळाचं, खरवडीसकट."