खालचा म्हणेल तेव्हा

नवा ऑइल पंप खोक्यातून निघाला आणि माझ्या तळहातावर मावला. एवढ्याशा वस्तूसाठी अख्खं इंजिन उचलायचं.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिसतंय काय आणि भासतंय काय, हे वेगळं करणं हेच माझं काम.

शेजारच्या गच्चीवर कोणीतरी गादी बडवत होतं. आवाज आधी यायचा, काठी नंतर पडायची. उलटं असायला हवं होतं. मी त्यावर विचार केला नाही.

वडिलांचं गॅरेज होतं. त्यांचा नियम एकच: वरच्याने धरायचं, खालच्याने करायचं, आणि खालचा 'सोड' म्हणेल तेव्हाच सोडायचं.

दादाच्या मोज्याला भोक होतं.

दादा त्याच्या जुन्या पिकअपमधून लोकांचं घरसामान हलवतो. आठवडाभर गाडीत ऑइलचा लाल दिवा लुकलुकत होता, इंजिन खडखडत होतं. गाडी बसली की दादा बसला. गॅरेजला न्यायचं नाव काढलं की त्याला बापाची आठवण यायची आणि राग यायचा, म्हणून सुट्टीच्या दिवशी त्याने मला मदतीला बोलावलं.

पंप इंजिनच्या पोटात, तळाच्या ऑइल-पॅनच्या आत असतो. पॅन निघायला इंजिन वीतभर वर घ्यावं लागतं. अंगणातल्या लोखंडी चौकटीला आम्ही वडिलांची चेन-कप्पी टांगली. तिचा अडसर झिजून गेलेला. साखळी आपली आपण थांबायची नाही, कोणीतरी धरून राहावं लागायचं. ती मी धरली. दादा पाठीवर सरकत गाडीखाली गेला. बाहेर राहिले ते पाय.

"पडलीस तर माझ्यावर पडू नकोस, ठमे," तो खालून म्हणाला. "इंजिन परवडेल."

तो मागायचा तो पाना मी पायाने सरकवायचे. काळी बोटं बाहेर यायची, पाना घेऊन आत जायची. पॅन निघालं, जुना पंप निघाला. नव्यात आधी ऑइल भरून तो बोटाने फिरवून दे, म्हणाला. कोरडा बसवला तर पहिल्या फटक्यात जळतो. एका हाताने साखळी धरून दुसऱ्याने मी ते केलं. पंप आत गेला. पान्याची कर्रकर्र सुरू झाली. मी दुकानातल्या गिऱ्हाइकांचे किस्से सांगत राहिले, तो खालून हुंकार देत राहिला. ऊन डोक्यावर आलं. गादीचा आवाज कधी थांबला, कळलं नाही.

आणि दादा घराच्या कोपऱ्यावरून आला. दोन्ही हातांत पाण्याचे पेले.

"काय गं, कोणाशी बोलतेयस?"

मी पायांकडे पाहिलं. मोज्याचं भोक जागेवर होतं. कर्रकर्र चालू होती.

अशा वेळी एक डोळा झाकून पाहायचं असतं. मी रोज लोकांना तेच करायला लावते. मी डावा मिटला. पाय होते, दादा होता. उजवा मिटला. पाय होते, दादा होता.

"दादा, साखळी धर," मी म्हटलं. कोणाला, ते माझं मलाच कळलं नाही.

"हात अडकलेत," उभा असलेला म्हणाला. पेले खाली ठेवता आले असते. त्याने ठेवले नाहीत.

"कोण आलंय?" खालून प्रश्न आला.

"तू."

कर्रकर्र थांबली. पायाची बोटं आक्रसली. मग तो अगदी हळू बोलला, लहानपणी वडील झोपलेले असताना बोलायचा तसा. "माझे दोन्ही हात आत आहेत, ठमे. काहीही झालं तरी सोडू नकोस."

उभ्याने ते ऐकलं. त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती, खरी, दादाचीच.

"खाली कोणी नाहीये, ठमे. मी इथे आहे ना? सोड, आणि पाणी पी."

मी गच्चीकडे बघून हाक मारली. काठी कठड्याला टेकवलेली होती. माणूस नव्हता.

पंप भरताना हाताला लागलेलं ऑइल मी पुसलं नव्हतं. साखळी एक कडी सरकली. इंजिन बोटभर खाली आलं.

"ठमे."

"बाहेर ये, दादा. आधी बाहेर ये."

"खांदा अडकलाय. धर फक्त."

आणखी एक कडी.

"त्याला काय बाहेर बोलावतेस," उभा असलेला म्हणाला. पेल्यांतलं पाणी जराही हललं नव्हतं.

मी साखळी मनगटाला गुंडाळायला गेले.

आणखी एक.

खालून 'सोड' असं कोणी म्हणालं नाही.

साखळी गेली.

कपाटाचं दार लागावं तसा आवाज झाला. इंजिन आपल्या जागी बसलं. बाकी काही ऐकू आलं नाही.

तेव्हा त्याने पेले खाली ठेवले. मला धरून बसवलं, पाणी पाजलं. मी वाकून पाहिलं. गाडीखाली कोणी नव्हतं. पॅन बसवलेलं, सगळे बोल्ट आवळलेले. त्याने ऑइल भरलं, किल्ली फिरवली. लाल दिवा विझला.

दादा बरा आहे. गाडी चालवतो, मला ठमे म्हणतो, वडिलांवरून राग यायचा तिथेच येतो. बॉनेट मात्र उघडत नाही. त्याच्या नखांमधला, बोटांच्या रेघांमधला जन्माचा काळा रंग त्या दुपारी गेला. वहिनी नव्या साबणाचं कौतुक करते. मी त्यांच्याकडे गेले की अंगणात गाडीजवळ रेंगाळते, खाली वाकत नाही. तो खिडकीतून बघत असतो.

ते पेले घरातले होते. त्या सकाळी वहिनी घराला कुलूप लावून, एकुलती एक किल्ली पर्समध्ये टाकून माहेरी गेली होती.