सेहेचाळिसावी टेप

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण यात मी पदरचा एक शब्दही घातलेला नाही. माझ्या आतेबहिणीवर हे गुदरलं. तिच्याच तोंडून मी ऐकलं. आणि आमची ताई थापा मारणाऱ्यांतली नाही.

ताई मोठमोठ्या कंपन्यांचे डेटाबेस सांभाळते. कंपनीच्या नोंदींची प्रत, म्हणजे बॅकअप, कधी घ्यायची, किती वर्षं ठेवायची आणि कधी पुसून टाकायची, याचे नियम ती संगणकात लावून देते. या प्रती कॅसेटसारख्या चुंबकीय टेपांवर उतरवलेल्या असतात. एकदा नियम लागला की माणसाचं काम संपलं. सगळं आपोआप.

तो सुट्टीचा दिवस होता. दुपारचा दीड.

एका मालवाहतूक कंपनीचं तळघर. आख्ख्या इमारतीत तिघंच... वर दारावरचा वॉचमन, खाली ताई आणि नाना.

नाना म्हणजे टेपांच्या यंत्राचा मेकॅनिक. पन्नाशीचा, जिभेला हाड नसलेला माणूस.

ते यंत्र म्हणजे बसएवढी लांब काचेची खोलीच. आत दोन्ही बाजूंना टेपांचे कप्पे. मधे रूळ, आणि रुळावर पळणारा पुरुषभर उंचीचा लोखंडी हात. संगणक सांगेल ती टेप हा हात चिमट्यात धरून काढणार, वाचायच्या खाचेत नेऊन घालणार.

"तुमचा नियम लागला की आम्ही घरी बसायचं का हो ताई?" नानाने विचारलं.

"वहिनी बसू देतील का घरी?"

"तिला विचारलं तर म्हणेल, त्या यंत्रातच राहा!"

दोघं हसले. ताईने नियम चालू केला... सात वर्षांपेक्षा जुन्या टेपा पुसायच्या. अशा सेहेचाळीस निघाल्या.

तासाभरात पंचेचाळीस पुसून झाल्या.

सेहेचाळिसावी हाताने उचलली. आणि तो थांबला.

खाचेत घालेना. कप्प्यात ठेवेना.

मग तो सावकाश रुळावरून पुढे आला... थेट ताईच्या समोर. मधे फक्त काच.

ठक.

टेप काचेवर आपटली.

ठक... ठक...

"नाना, हे काय करतंय?"

"म्हातारं झालंय. सणक आली असेल." नाना हसला खरा, पण त्याच्या कपाळावर आठ्या होत्या. "थांबा, टेप काढून घेतो."

त्याने दार उघडलं. दार उघडलं की यंत्राची वीज तुटते, तशी सोयच असते. आतले दिवे गेले. पंख्यांची घरघर थांबली. सगळं चिडीचूप.

नाना आत गेला. टेपेला हात घातला.

आणि लोखंडी हात हलला.

पहिला फटका खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज ताईला काचेबाहेर ऐकू आला. नाना कप्प्यांवर आदळला. दुसरा फटका छातीवर. तिसरा तोंडावर. काचेवर रक्ताची चिळकांडी उडाली.

ताईने भिंतीवरचं, यंत्र थांबवायचं लाल बटण दाबलं. मुठीने दाबलं. पुन्हा पुन्हा दाबलं.

हात थांबेना.

नानाने पंजा आडवा धरला. चिमट्याने त्याची दोन बोटं पकडली... आणि तो मिटला.

ती किंकाळी आजही कानातून जात नाही, असं ताई सांगते.

ती आत घुसली. नानाचा पाय धरून ओढू लागली. नाना अंगाने किडकिडीत. पण तो तसूभर हलेना. कप्प्यांकडून कुणीतरी त्याला घट्ट धरून ठेवल्यासारखा. वरून फटके चालूच होते. एक तिच्या कानाला चाटून गेला.

तिने पाय सोडला आणि ती बाहेरच्या संगणकाकडे धावली. त्या एका टेपेपुरता नियम बदलला.

पुसू नये. कायम ठेवावी.

हात जागच्या जागी थांबला. उगारलेलाच.

ताईने पुन्हा पाय धरला. या वेळी नाना पोत्यासारखा सरकत बाहेर आला.

तो वाचला. खांदा मोडला, चार दात पडले, दोन बोटं गेली. चौकशी झाली. अहवालात लिहिलं होतं, दार उघडल्यापासून यंत्रात वीज नव्हतीच. ती टेपही वाचून पाहिली.

कोरी होती. तिच्यावर कधी काही उतरवलंच नव्हतं.

पूर्वी तिथे काही झालं होतं का, असं ताईने जुन्या लोकांना विचारलं. कुणी ताकास तूर लागू दिली नाही.

आठ महिन्यांनी ती नानाला भेटायला त्याच्या घरी गेली. नाना पार उतरला होता. थट्टा नाही, मस्करी नाही. वहिनी चहा करायला आत गेल्या तसा तो हळूच बोलला.

"माझ्या मागे कुणीतरी होतं, ताई."

"मागे कप्पे होते, नाना."

"कप्प्यांना बोटं नसतात."

"तो हात मला मारतच नव्हता. माझ्या आड जो लपला होता ना... त्याला मारत होता. मी मधे सापडलो. मी सुटायला बघत होतो आणि तो मला सोडत नव्हता."

त्याने सदरा वर केला. पाठीवर, दोन्ही बाजूंना पाच-पाच काळे डाग. बोटं रुतावीत तसे. फटके सगळे पुढून बसले होते.

"मग तुम्हाला बाहेर ओढल्यावर..." ताईने विचारलं, "तो आतच राहिला ना?"

नाना उठला, खुर्ची सरकवत भिंतीपर्यंत नेली आणि भिंतीला पाठ टेकवून बसला.

ताईने हे सारं मला आमच्या घरी सांगितलं. बाहेर लख्ख ऊन होतं. सोफा रिकामा होता.

ती मात्र जमिनीवर, भिंतीला पाठ लावून बसली होती... आणि सगळं सांगून होईपर्यंत एकदाही पुढे झुकली नाही.