दोर आडवा ढकला

नदीपलीकडच्या टेकडीवर पुराच्या इशाऱ्याचं यंत्र बसवायला तिघं निघाली होती: आत्या, जीपवाले काका आणि ती, आत्याची भाची. टेकडीवरून कळ दाबली की दूर खालच्या वस्तीत बसवलेला भोंगा वाजणार होता. पण यंत्राची लोखंडी पेटी इतकी जड, की जीपशिवाय ती वर नेणं अशक्यच.

कोरडं पात्र ओलांडताना पलीकडचा काठ वीस पावलांवर आला आणि जीप वाळूत रुतली. पार आसापर्यंत! वरच्या डोंगरांवर आभाळ काळंकुट्ट झालं होतं.

काकांनी आणि आत्याने जीपला दोर बांधून जीव खाऊन ओढला. जीप ढिम्म. तेवढ्यात दुरून घरघर ऐकू आली.

"पाणी सुटलंय," आत्या म्हणाली. "पेटी राहू दे. पळा."

"आणि वस्तीला कोण सांगणार?" तिने दोराचं टोक उचललं. "काका, हे काठावरच्या झाडाला बांधा. ताठ. मी मधोमध आडवा ढकलते."

काका हसले. "सरळ ओढून हलेना, ती दोर आडवा ढकलून हलणार? आणि तू? पाप्याचं पितर!"

"ताठ दोराला बाजूचा धक्का सोसत नाही. मी एकपट ढकललं, तरी टोकांना कितीतरी पट ओढ बसते. हसायचं ते नंतर हसा, आधी गाठ मारा."

काकांनी गाठ मारली. तिने पाठ दोराला लावली, पाय रोवले आणि ढकललं. दोर करकरला. जीप हलली. चार बोटं!

आत्याने चाकामागे दगड सारला. काकांनी ढिला पडलेला दोर पुन्हा ताणला. आता ते हसत नव्हते. पुन्हा पाठ. पुन्हा चार बोटं. खडकाळ जमीन दोन हातांवर होती. घरघर वाढत होती. तिची पाठ सोलून निघाली.

"बास, सोड आता," आत्या ओरडली.

"नाही सोडणार. दगड सार."

आणखी एक धक्का. आणखी एक. चाकाला खडक लागला! काकांनी दोर कापला, तिघांनी जीपमध्ये उड्या टाकल्या आणि जीप खडखडत काठावर चढली. मागे वळून पाहतात तो गढूळ पाण्याची भिंत ओंडके लोटत पात्रातून निघून गेली.

"वस्तीला पोचायला पाण्याला तासभर लागेल," आत्या म्हणाली. "चला."

टेकडीच्या माथ्यावर पेटी जीपमधून उतरवायलाही ती थांबली नाही. आत्याने तारा जोडल्या, तिने कळ दाबली. भोंगा इथवर ऐकू येणार नव्हता. आत्याने दुर्बीण डोळ्यांना लावली.

"आत्या, काय दिसतंय?"

आत्याने दुर्बीण तिच्या हातात दिली. घरांमधून मुंगीएवढी माणसं बाहेर पडत होती आणि एकामागोमाग एक चढण चढत होती.