ब्रेकर आला की उतरायचं

त्या सकाळी प्रणोतीची बस चुकली, आणि एका परक्या मुलाच्या मोटारीचं पोट वाकून बघायची वेळ तिच्यावर आली.

हिंदी मुलखातल्या महाराजपूरच्या नाक्यावर डिसेंबरचं धुकं असं दाटलं होतं की चहाची टपरी नुसती वासावरून ओळखू यावी. प्रणोती शाल लपेटून आईशी फोनवर बोलत उभी होती. तेवढ्यात धुक्यातून एक जुनी पांढरी मोटार आली. जमिनीला अगदी बिलगलेली. ती रस्त्यावरच्या ब्रेकरवर चढली आणि खर्रर्र आवाज करत मधोमध अडकून बसली.

खिडकीची काच खाली झाली. आत एक मफलर होता, मफलरात एक चेहरा, आणि चेहऱ्यावर कमालीची अजिजी.

"मॅडम... जरा झुकून पाहता का? किती अटकली ते?"

"तुम्हाला कसं कळलं मी मराठी?"

"फोनवर बोलून राहिल्या होत्या ना. मी ऐकून नाही राहिलो होतो जी... कानावर आलं."

प्रणोतीला हसू आवरेना. ती वाकली. "कडेला एक बोट जागा आहे. थोडं मागे घ्या... आता तिरकी काढा... डावीकडे — अहो, डावीकडे!"

गाडी कण्हत कण्हत पलीकडे उतरली.

"इतकी बुटकी गाडी आणलीत तरी कुठून?"

"आणली नाही, केली!" त्याचा चेहरा उजळला. नाव अभिराम. पनागरला बियाण्यांच्या गोदामात नोकरी. जमिनीला टेकून चालणारी गाडी हे त्याचं कॉलेजपासूनचं स्वप्न होतं. तयार सामान खिशाला झेपणारं नव्हतं, म्हणून आधारतालच्या गॅरेजवाल्या गौतमने, त्याच्या दोस्ताने, गाडीच्या स्प्रिंगांचे फेरेच कापून दिले. अगदी स्वस्तात काम झालं.

"आणि ब्रेकर?"

"ब्रेकरचं..." त्याने मान खाजवली. "ते ध्यानातच नाही आलं."

प्रणोतीची बँकही पनागरलाच होती. बस गेलेली, साहेब वेळेचे पक्के. ती गाडीत बसली. पण पहिल्या गावाशी ब्रेकर आला आणि अभिराम कानापर्यंत लाल झाला.

"मॅडम, माफ करा... उतरता का? एकट्याच्या वजनात निघते. दोघांच्या नाही निघत."

"म्हणजे तुम्ही माझं वजन काढताय?"

"नाही हो! गाडीचं बोलून राहिलो मी!"

ती उतरली. दिव्यांच्या पिवळ्या उजेडात पुढे चालत गेली, हाताने खुणा केल्या, गाडी अलीकडून पलीकडे आली आणि ती पुन्हा येऊन बसली. पुढच्या गावाशी पुन्हा तेच. पनागर येईतो तिची शाल दवाने ओली झाली होती आणि हसून हसून पोट दुखत होतं.

दुसऱ्या दिवशी बस वेळेवर आली. प्रणोतीने ती जाऊ दिली. का, ते तिने स्वतःलाही विचारलं नाही.

मग तो रिवाजच पडला. पनागरचा जुना रस्ता, दोन्ही अंगांना मटारची शेतं, ओल्या हिरव्या शेंगांचा गोडसर वास... आणि गावागणिक ब्रेकर. त्यांचं सगळं बोलणं या ब्रेकरांनी तुकड्या-तुकड्यांत वाटून दिलेलं. तो काहीतरी सांगायला लागे — "लहानपणी ना, एकदा ग्वारीघाटला मी —" आणि ब्रेकर येई. ती उतरे, धुक्यात चालू लागे, आणि ते अर्धं वाक्य तिच्याबरोबर चालत राही. परत येऊन बसताच ती आधी विचारी, "मग? ग्वारीघाटला काय?"

"बुडून राहिलो होतो. नाववाल्याने शर्ट पकडून काढलं."

"बरं केलं त्याने."

"अच्छा? काहून बरं केलं?"

"काहून म्हणजे... मला रोज पनागरला कोणी सोडलं असतं?"

तो हसे आणि समोर बघे. ती खिडकीतून बाहेर बघे. बाहेर तसं काही दिसत नसे.

एकदा घाईघाईत त्याच्या तोंडून "उतर ना" निघून गेलं. अहो-जाहो गळालं. दोघांच्याही ते लक्षात आलं आणि दोघांनीही लक्षात न आल्यासारखं केलं. त्या दिवशी बँकेत प्रणोती दोन ग्राहकांशी उगीचच गोड बोलली.

फेब्रुवारीत धुकं ओसरलं आणि प्रणोतीच्या बदलीचा हुकूम आला. सातारा! तिचं गाव. पावसाळ्यात, या परक्या शहरात एकटीचं मन रमेना, तेव्हा तिनेच तर अर्ज केला होता. तो अर्ज ती साफ विसरून गेली होती.

"मन बदललं असेल तर सोमवारपर्यंत सांगा," बँकेचे शालिग्राम साहेब म्हणाले. "मी वर बोलून बघेन. नंतर माझ्या हातात काही नाही."

मन बदललं होतं. पण ज्याच्यामुळे बदललं, त्याच्या मनात काय आहे? त्याने एकदा, फक्त एकदा, 'जाऊ नको' म्हणावं... एवढंच तिला हवं होतं. तिने बातमी दिली तीही ब्रेकरपाशी, दार उघडता उघडता, म्हणजे त्याचा चेहरा बघावा लागू नये. रविवारच्या रेल्वेचं आणि सोमवारच्या मुदतीचंही सांगितलं. मग उतरली. चालून आली. बसली.

"अच्छा..." अभिराम म्हणाला. "चांगलं झालं ना. आई खूश होईल तुझी."

"एवढंच?"

"रविवारी स्टेशनवर मी सोडून देतो. सामान असेल."

प्रणोतीच्या अंगाचा तिळपापड झाला. पनागरला उतरताना तिने दार धाडकन आपटलं.

रविवारी दुपारी गाडी दाराशी आली. दोन बॅगा, वळकटी, कुकरची पिशवी, सगळं मागे गेलं. प्रणोती बसली आणि तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. गाडी निघाली. ब्रेकर आला, तिचा हात सवयीने दाराच्या कडीवर गेला...

"बसून राहा," अभिराम म्हणाला. गाडी अलगद वर चढली, अलगद उतरली. कुठे काही घासलं नाही.

"गाडी... उंच झाली?"

"दुसऱ्या जुन्या गाडीच्या स्प्रिंगा बसवल्या काल. सामान जास्त होतं ना. जायच्या दिवशी तरी तुला किती उतरवायचं?"

हे याचं स्वप्न होतं! ते त्याने मोडलं — आणि कशासाठी, तर हिला आरामात निघून जाता यावं म्हणून. एकामागून एक ब्रेकर मागे पडत गेले. कुठे थांबणं नाही, उतरणं नाही. स्टेशन फार लवकर आलं.

त्याने गाडी उभी केली. कोणीच हललं नाही.

"या स्प्रिंगा मिळाल्या कुठे?"

"गौतमकडे पडून होत्या. संक्रांतीपासून."

"मग तेव्हाच काहून नाही बसवल्यास?"

"तू उतरायची," तो हळूच म्हणाला. "धुक्यात पुढे जायची. मला दर वेळी वाटे, आता ही वैतागणार आणि सरळ चालत निघून जाणार. आणि तू... परत येऊन बसायची. दर वेळी. ते मला सोडवत नव्हतं, प्रणोती."

तिचे डोळे भरून आले. "मग जाऊ नको म्हणायला काय झालं होतं रे?"

"तुझे आईबाबा तिकडे. मी कोण होतो थांबवणारा?"

"कोण ते तूच सांग."

"अरे, प्रेम करून राहिलो ना मी तुझ्यावर!" तो इतक्या जोरात बोलला की बाहेरून जाणारा हमाल थबकला आणि मान हलवून पुढे गेला.

प्रणोती दार उघडून उतरली. अभिरामचा चेहरा पडला. तोही उतरला, मागचं दार उघडून त्याने वळकटी काखेत घेतली. ती मात्र चार पावलं पुढे जाऊन फोनवर बोलत होती.

"शालिग्राम सर, रविवारी त्रास देतेय... हो, बदलीचंच. नको मला. हो सर, पक्कं."

तिने फोन ठेवला. अभिराम वळकटी कवटाळून तसाच उभा होता.

"ती ठेव आत," ती म्हणाली, आणि गाडीत परत येऊन बसली. घरी आईला काय सांगायचं ते अजून ठरलं नव्हतं, पण तिला त्याची मुळीच भीती वाटली नाही.